कोलारचं शून्य

कोथरूड, पुणे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू एवढंच म्हणालीस, "आई, पेटी उघडली. काहीच नाही." मी "अगं, होतं असं" म्हणाले. फोन ठेवल्यावर माझं मलाच ते खटकलं. साडेतीन वर्षं खपून केलेल्या कामावर "होतं असं" हे काही उत्तर नव्हे. म्हणून लिहायला बसले आहे. बाबा झोपलेत, बाहेर पाऊस लागलाय.

तुझ्या कामातलं मला जेवढं कळतं ते असं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस या अवाढव्य कणशोधक यंत्रात प्रोटॉनच्या टकरी होतात, त्यांत टॉप क्वार्क या मूलकणाचा जोडीदार शोधायचा. सुपरसिमेट्री नावाचा सिद्धांत म्हणतो की तो असावा, पण अजून कुणाला दिसलेला नाही. त्यासाठी कोणत्या टकरी ठेवायच्या आणि कोणत्या टाकायच्या, ही चाळणी आधी संगणकावर बनवलेल्या नकली विदावर (नोंदींवर) बसवायची, खऱ्या विदाचा नेमका हवा तो भाग झाकून ठेवायचा आणि सगळं पक्कं झाल्यावरच तो उघडायचा. हीच तुझी पेटी. तू ती उघडलीस आणि ज्ञात कणांमुळे जेवढ्या घटना दिसायला हव्या होत्या तेवढ्याच दिसल्या.

मी कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते, तेव्हा कँटीनमध्ये ज्येष्ठ मंडळींकडून एक हकीकत ऐकली होती. 1960 च्या सुमारास आपल्या संस्थेचे लोक कोलारच्या सोन्याच्या खाणीत वेगवेगळ्या खोलीवर म्युऑन मोजत होते, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होऊन वरून बरसणारे कण. वर, इथे पुण्यात, तळहात आडवा धरलास तर त्यातून दर सेकंदाला साधारण एक म्युऑन जातो. (तू दुसरीत असताना वेताळ टेकडीवर मी हे सांगितलं, तर तू हात मागे लपवून विचारलंस, "ते टोचतात का?") जमिनीत जसजसं खाली जावं तसतसे ते विरळ होत जातात. खाणीत सर्वांत खाली, सुमारे पावणेतीन किलोमीटरवर, त्यांनी उपकरण लावलं आणि जवळजवळ दोन महिने त्यात एकही म्युऑन आला नाही.

ती माणसं मला अजूनही डोळ्यांसमोर दिसतात. पाळण्यात बसून खाली उतरायचं, तापलेल्या खडकाच्या पोटात उपकरण नीट चालतंय ना ते तपासायचं आणि वहीत शून्य लिहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. पण त्याच शून्याने त्यांना सांगितलं की आकाशातून येणारा म्युऑनचा गलबला इथे संपतो, आता इथे काही दिसलंच तर ते न्यूट्रिनोमुळेच, कारण हे कण एवढ्या खडकातूनही सहज आरपार जातात. मग थोड्या वरच्या पातळीवर, सुमारे 2.3 किलोमीटर खोल, मोठी उपकरणं लावली गेली. मुंबई, जपानमधलं ओसाका आणि इंग्लंडमधलं डरहॅम, असे तीन गट मिळून ते काम करत होते. 1965 मध्ये वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा त्यांना सापडल्या. दक्षिण आफ्रिकेतल्या एका सोन्याच्या खाणीतही त्याच वर्षी दुसऱ्या गटाला त्या मिळाल्या. जगात त्याआधी कुणीही त्या पाहिल्या नव्हत्या.

जपानमधलं कामिओकांदे, ती जमिनीखालची पाण्याची प्रचंड टाकी, तुला माहीतच आहे. प्रोटॉन फुटतो का ते बघायला ते बांधलं. प्रोटॉन काही फुटला नाही, पण फेब्रुवारी 1987 मध्ये एका ताऱ्याचा स्फोट दिसला आणि त्यातले न्यूट्रिनो त्या टाकीने टिपले.

तुझ्या शून्यातून असं काही निघेल असं मी म्हणणार नाही. बहुधा नाही निघणार. तरी तू एक रेषा आखली आहेस. या वस्तुमानापर्यंत हा कण नाही, हे 95 टक्के खात्रीने सांगणारी. काल ती रेषा तिथे नव्हती. उद्या एखाद्या सिद्धांतवाल्याला आपली समीकरणं तुझ्या रेषेपलीकडे सरकवावी लागतील, आणि दुसऱ्या कुणा विद्यार्थिनीला तोच कोपरा पुन्हा झाडत बसावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. पेटी उघडल्यावर चाळणीला हात लावायचा नाही. "इथे जरा कट (चाळणीची अट) बदलून बघू, काही दिसतं का" असं कुणी म्हणेल, आणि म्हणणारा माणूस वाईट नसेल, तुझ्याइतकाच दमलेला असेल. डिसेंबर 2015 मध्ये अ‍ॅटलस आणि सीएमएस, सर्नमधल्या या दोन्ही गटांना, 750 जीईव्हीजवळ (जीईव्ही हे कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आलेखात नव्या कणाच्या खुणेसारखा उंचवटा दिसला होता. आठ महिन्यांत, जास्त विदा आल्यावर, तो विरला. दोन्ही गटांनी जसा दिसला तसा दाखवला आणि विरला तेव्हा विरला म्हणून सांगितलं. मला त्या लोकांचा फार अभिमान वाटला होता.

आता माझ्याबद्दल. हे तुला मी कधी सलग सांगितलेलं नाही.

तू लहान असताना मी सोमवारी सकाळी डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीने परत यायचे. सीएमएसमधल्या सर्वांत बाहेरच्या हॅड्रॉन कॅलोरीमीटरच्या, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणाऱ्या थराच्या, टाइल्स आम्ही बनवत होतो. आतल्या थरांतून निसटलेली ऊर्जा पकडायला चुंबकाच्या बाहेर बसवलेला हा थर. सेंटिमीटरभर जाडीचं चमकणारं प्लास्टिक. त्यात खाच पाडायची, खाचेत हिरवा प्रकाश देणारा तंतू बसवायचा, त्याचं टोक साध्या पारदर्शक तंतूला जोडायचं, मग पांढऱ्या कागदात आणि त्यावर काळ्या आवरणात टाइल अशी गुंडाळायची की बाहेरचा एकही किरण आत शिरू नये. टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी सगळं उलगडून पुन्हा. मला ते काम अतिशय आवडायचं. तंतूचा जोड नीट बसला की बोटांनाच कळायचं. 2002 च्या उन्हाळ्यात जिनिव्हाला चाचणीसाठी सहा आठवडे गेले, तू आजीकडे सदाशिव पेठेत राहिलीस. परत आले तर तू माझ्याकडे येईनास, आजीच्या पदराआड उभी राहून बघत होतीस.

पुढच्या वर्षी एका संस्थेत कायमच्या जागेसाठी मुलाखत झाली. भौतिकीवर दोन प्रश्न झाले. तिसरा, "मुलगी लहान आहे, वर्षातून चार महिने परदेशी कोण राहणार?" जागा मिळाली नाही. तेवढ्यात आजीला अर्धांगाचा झटका आला. मी इथल्या कॉलेजात शिकवायला लागले.

4 जुलै 2012 ला दुपारी साडेबाराला मी एस.वाय.च्या मुलांना घेऊन सर्नची हिग्ज कणाची घोषणा बघायला संगणकासमोर बसले होते. 125 जीईव्हीजवळचा तो उंचवटा पडद्यावर आला आणि मी रडले. हिग्ज तिथे दोन फोटॉन (प्रकाशकण) आणि चार लेप्टॉन (इलेक्ट्रॉन-म्युऑनसारखे कण) यांच्या वाटेने दिसला, आमच्या टाइल्सचा त्यात काही वाटा होता असं मी म्हणणार नाही. हजारो नावांच्या त्या यादीत माझं नावही नव्हतं. पुढे 2013-14 मध्ये यंत्र बंद होतं तेव्हा त्या टाइल्सचा प्रकाश टिपणारे जुने हायब्रिड फोटोडायोड काढून सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर बसवले. जुने, चुंबकाच्या बाहेर पसरलेल्या चुंबकीय क्षेत्रात नीट चालत नव्हते. टाइल्स मात्र त्याच राहिल्या. डोळे बदलले, अंग तेच. तू सीएमएसमध्ये जाणार हे कळलं तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की ही त्यांच्याजवळून चालेल.

तू फोनवर अर्धवट बोललीस, "मी यासाठी बनलेच नाही बहुतेक." सोडायचं असेल तर सोड, मी सोडलं आहे, मी तुला अडवणार नाही. पोस्टडॉकची दोन-दोन वर्षं, एक शहर इकडे आणि आपलं माणूस तिकडे, कायमच्या जागा थोड्या आणि अर्ज ढीगभर. या कारणांसाठी माणसं सोडतात आणि ती खरी कारणं आहेत. घरच्यांसाठी सोड, तब्येतीसाठी सोड, दुसरं काही जास्त आवडलं म्हणून सोड. पण पेटी रिकामी निघाली म्हणून सोडू नकोस. त्यात तुझं काहीही चुकलेलं नाही. भौतिकीने मला कधी नाही म्हटलं नव्हतं, एका खोलीत बसलेल्या चार माणसांनी म्हटलं होतं, आणि या दोन्हींतला फरक कळायला मला फार वर्षं लागली.

आठवडाभर त्या लॅपटॉपला हात लावू नकोस. नीट जेव. मेतकूट आणि भाजणी कुरियरने पाठवली आहे.

आणि तो आलेख मला पाठव, मर्यादेच्या रेषेचा. अपेक्षित रेषा आणि प्रत्यक्ष रेषा दोन्ही हव्यात, अनिश्चिततेच्या पट्ट्यांसकट. चष्मा लावून, नीट मोठा छापून बघणार आहे.

तुझी,
आई