बुधवारची राणीबाग

मुलुंड, रविवार संध्याकाळ

ति. आई आणि बाबा यांस,
शि. सा. नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं नसतं. बाबा फोन स्पीकरवर टाकतात, आणि पडवीत तेव्हा कोण कोण बसलेलं असेल ते सांगता येत नाही. म्हणून पत्र. अक्षर बिघडलंय. सहीपलीकडे पेन धरून किती वर्षं झाली, आठवत नाही.

आधी कबुली देते. गेले अडीच महिने मी ऑफिसला गेलेली नाही. आई, तू साडेअकराला फोन करतेस आणि मी 'मीटिंगमध्ये आहे गं' म्हणते, तेव्हा मी बहुतेक अंथरुणात असते. नोकरी गेलेली नाही, बिनपगारी रजा घेतली आहे. बाबा, तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे: भाडं साठवलेल्यातून जातंय, पीएफला हात लावलेला नाही.

मी नेमकं काय करते, हे तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. 'जाहिरातीत आहे' म्हटलं की गावात लोक विचारतात, टीव्हीवर कधी दिसणार. माझं काम मोबाइलवरच्या जाहिरातींचं. कोणाला दाखवायची, दिवसाला किती पैसे घालायचे, एका गिऱ्हाइकाची चौकशी कितीला पडली. ही दुकानं रात्री बंद होत नाहीत. रात्री दोनलाही आकडे हलत असतात आणि पैसे जात असतात. गणपती ते दिवाळी आमचा हंगाम, त्याची तयारी जूनपासून. मी पहाटे तीनला उठून आकडे बघायचे, परत झोपायचे, पाचला पुन्हा बघायचे. कोणी बघायला सांगितलं नव्हतं. पण सकाळी नऊला क्लायंटचा पहिला प्रश्न रात्रीच्या आकड्यांवरच असायचा.

सप्टेंबरात माझ्या हातून एक शून्य जास्त पडलं. दिवसाचे पन्नास हजार ठेवायचे, त्याचे पाच लाख झाले. सकाळी साडेनऊला लक्षात आलं तोवर एक लाख ऐंशी हजार गेले होते. मला कोणी ओरडलं नाही. साहेब म्हणाले, 'होतं असं, चल, पुढचं प्रेझेंटेशन संध्याकाळपर्यंत दे.' दुसऱ्या दिवशी करी रोडला उतरले आणि जिना चढायच्या आधी, मिनिटभर म्हणून, बाकावर बसले. उठता येईना. पाय दुखत नव्हते, रडू येत नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं. समोरून किती स्लो लोकल गेल्या ते मोजलं नाही. दीडला शेवटी उलट दिशेची गाडी धरून घरी आले.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, बी-ट्वेल्व्ह कमी निघालं, त्याच्या गोळ्या चालू आहेत. डिप्रेशन आहे का तेही प्रश्न विचारून बघितलं. मग म्हणाल्या, बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये त्याची व्याख्या केली: तो आजार नाही, कामातला ताण दीर्घकाळ न आवरता साचला की होणारी अवस्था आहे. तिच्या तीन खुणा: अंगातली शक्ती जाणं, कामाबद्दल मन कोरडं किंवा कडवट होणं आणि आपल्याला काही जमत नाही असं वाटणं. आई, तू म्हणशील 'दमलीस'. दमणं झोपून उठलं की जातं. हे म्हणजे खाली लागलेलं दूध. वरून पांढरंच दिसतं, वास मात्र सगळ्या दुधाला.

शक्ती गेली आणि चुका झाल्या, ते सांगून झालं. कोरडेपणाचं सांगायचं राहिलंय, आणि खरं तर त्यासाठीच लिहायला बसले.

आई, जुलैत तू मावशीच्या शेवटच्या दिवसांबद्दल सांगत होतीस. ती तुला दर दहा मिनिटांनी विचारायची, 'दार लावलंस ना?' तू रडत होतीस. मी 'हं, हं' करत होते आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर टाइप करत होते: 'दार लावलंस ना?' विम्याच्या कॅम्पेनसाठी ओळ हवी होती. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांना आवडली. क्लायंटने पुढे दुसरीच घेतली म्हणून ती कुठे दिसली नाही, पण त्यात माझं काही श्रेय नाही. त्या वेळी मला वाईटसुद्धा वाटलं नव्हतं. वाईट वाटलं ते परवा, भांडी घासताना. समुपदेशक बाई म्हणाल्या, वाटायला लागलंय हे चांगलं लक्षण. असेल. मला तुझी माफी मागायची आहे.

बाबा, तुम्ही मला लहानपणी डेड मॅन्स हँडल समजावलं होतं, आठवतं? वरवंट्यावर हात दाबून धरायला लावला होता. गाडी चालू असताना मोटरमनचा हात त्या हँडलवरून सुटला की ब्रेक लागतो. मी विचारलं होतं, हात दुखला तर? तुम्ही म्हणालात, शेवटच्या स्टेशनपर्यंत दाबूनच धरायचा, मग साइन ऑफ. आणि साइन ऑफ केल्यावर ती गाडी दुसऱ्याची. घरी येऊन तुम्ही कधी विचारलं नाहीत की 7.42 वेळेवर सुटली का. कल्याणच्या क्वार्टर्समध्ये दिवसा पडदे ओढून तुम्ही झोपायचात आणि आई आम्हाला कुकरची शिट्टीसुद्धा होऊ द्यायची नाही. मी तुमच्याकडून हात दाबून धरणं तेवढं शिकले.

बरं वाटणं सरळ रेषेत होत नाही. पहिले तीन आठवडे मी चौदा-चौदा तास झोपले आणि तरी चिडचिड. मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज बाहेर पडायला लागले. अकराच्या गाडीला लेडीज डब्यात खिडकी मिळते, हे मला या वयात कळलं. एके दिवशी राणीबागेत गेले. गेट बंद. बुधवार होता, राणीबागेची सुट्टी! बाबा, मी तिथेच फुटपाथवर हसत सुटले. तुमची रेस्ट बुधवारी पडायची, म्हणून 'पुढच्या महिन्यात रेस्ट बदलली की जाऊ' असं करता करता आपण राणीबाग कधी बघितलीच नाही. भायखळ्याच्या त्या गेटावर कित्येक महिन्यांनी मला मोठ्याने हसू आलं.

पुढच्या सोमवारपासून कामावर जाते. तिथेच, पण आकड्यांचं काम दुसऱ्या टीमकडे दिलंय. माझ्याकडे लिहिण्याचं. पगार थोडा कमी. रात्री आठनंतर कामाचा फोन बंद, हे मेलवर लिहून घेतलंय. टिकेल का, सांगता येत नाही. सणाचा हंगाम आला की कळेल.

एक मागणं आहे. नारळ ओवाळायचा तर ओवाळ आई, पण 'आता ठीक आहेस ना?' रोज विचारू नका. काय जेवलीस ते विचारा, मी खरं सांगेन.

आणि तुम्ही दोघं या. आईला पेंग्विन बघायचेत, आणि बाबांची आता रोजच रेस्ट. चिपळूणहून मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं मी काढते, ठाण्याला घ्यायला येते. गुरुवारी जाऊ. येताना कुळथाचं पीठ आणा, दोन किलो नको, अर्धा पुरे.

तुमची,
मनी