ऑस्ट्रेलियात मुलांकडे जाताय, मग गावंही बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

आपल्याकडचे बरेच आईवडील मुलांकडे मेलबर्न-सिडनीला जातात, दोन-तीन महिने घरात बसतात आणि परत येतात कारण सगळे सांगतात की गाडी नसेल तर तिथे फिरता येत नाही. हे खरं नाही हो!

मार्च २०२३ च्या शेवटापासून व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न तिथलंच) गावोगावी जाणाऱ्या व्ही-लाइन या सरकारी सेवेच्या ट्रेन आणि कोचला (म्हणजे लांबच्या बसला) दिवसाचं कमाल भाडं मेलबर्न शहराएवढंच केलंय, म्हणजे आम्ही त्याच राज्यातल्या मिल्ड्युरा गावाला गेलो, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, तेवढ्याच पैशात! तिथली पॅसेंजर ट्रेन १९९३ लाच बंद झाली म्हणून अर्धा रस्ता ट्रेन आणि पुढे कोच, दिवस सगळा जातो, पण मरे नदीकाठचे द्राक्षमळे आणि बेदाणे बघून मला तर तासगावच आठवलं. लांबच्या गाड्यांना सीट आधी रिझर्व्ह करा एवढंच.

सिडनीहून ब्रोकन हिल या खाणींच्या गावाला थेट ट्रेन आठवड्यातून एकदाच, सोमवारी, साधारण १३-१४ तास, ती चुकली की प्लॅन बदलावा लागतो. आणि तिथलं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास मागे असतं, लक्षात ठेवा.

विमान मोठ्या शहरांमध्येच स्वस्त पडतं, छोट्या गावांना खूप महाग, आणि स्वस्त तिकिटात बहुतेक वेळा ७ किलोच सामान. द घान (अ‍ॅडलेड ते डार्विन ट्रेन) वगैरे गाड्या तर लक्झरी टूरच्या, बजेटवाल्यांनी त्यांच्या नादी लागू नये.

तुमच्या पर्यटन पुरवणीत कृपया अशी माहिती द्या, नुसत्या ऑपेरा हाउसचे फोटो नकोत.

- एक वाचक, पुणे