डेमो कोणाला देताय?

संपादक साहेब, नमस्कार.

लेडी डॉक्टरांना नवीन टेक्नॉलॉजी नको असते, जेन्ट्स डॉक्टर पटकन घेतात, हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग पण येत नाही. पण परवा पेशंट रेकॉर्डचं सॉफ्टवेअर विकायला एकजण आला आणि त्याने अख्खा डेमो माझ्या शेजारी बसलेल्या सरांना दिला (सरांचा पासवर्ड मला लक्षात ठेवावा लागतो, ते सोडा), म्हणून हे पत्र.

फरक अजिबात नसतो असं मी म्हणत नाही. २००० साली व्यंकटेश आणि मॉरिस यांचा एक अभ्यास आला होता, नोकरीत नवीन सॉफ्टवेअर आलं की लोक ते का वापरतात यावर, आणि त्यात पुरुष जास्त करून कामाला उपयोग किती हे बघत होते आणि बायका वापरायला सोपं आहे का आणि आजूबाजूचे काय म्हणतात हे पण बघत होत्या. आता त्या अभ्यासातले लोक काही डॉक्टर नव्हते, पण समजा आम्हालाही लागू पडतं, तरी सोपं आहे का हे विचारणं म्हणजे घाबरणं कसं काय झालं?

उलट आम्ही का विचारतो ते बघा ना. अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांसारख्या प्रायमरी केअर डॉक्टरांवरचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता, त्यात लेडी डॉक्टर एका व्हिजिटला सरासरी २.४ मिनिटं जास्त देत होत्या. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाला २५ पेशंट धरले तर तास झाला की हो! त्या जास्तीच्या वेळात पेशंट जे बोलतो ते सगळं टाइप पण आपणच करायचं, वर मेसेजही आम्हालाच जास्त येतात, कारण मॅडम उत्तर देतात हे सगळ्यांना माहीत असतं. मग मी क्लिक मोजणार नाही तर काय करणार.

आणि मशीन बनवताना कोणाचा हात डोळ्यासमोर असतो? दुर्बिणीच्या ऑपरेशनमधले स्टेपलर घ्या, साडेसहा किंवा त्याखालच्या साइजचे ग्लव्हज घालणाऱ्या सर्जनना ते वापरायला त्रास होतो हे संशोधनात कधीच आलंय, आणि अशा छोट्या हातांच्या सर्जन बहुतेक बायकाच. माझी सर्जन मैत्रीण तो स्टेपलर दोन्ही हातांनी दाबते. तिने कुरकुर केली की लगेच तिला नवीन काही जमत नाही, असं.

तर त्या डेमोचं राहिलंच. शेवटी मीच विचारलं, पेशंट बोलता बोलता मध्येच दुसरी तक्रार सांगायला लागला तर ती नोंदवायला किती क्लिक लागतात? त्याने सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे.

आपली,
एक जनरल प्रॅक्टिशनर