सीपीयूला हळद फासू न देणाऱ्या दादांस

मार्केट यार्ड, सांगली

दादा, सप्रेम नमस्कार.

आमचे कॉम्प्युटर तापतात म्हणून तुम्हाला बोलावलं. कामाचे पैसे त्याच दिवशी दिले, पण आभार मानायचे राहिले. सगळ्यात मोठे आभार याचे, की तुम्ही आल्या आल्या पेस्टची, म्हणजे प्रोसेसर (सीपीयू) आणि कूलरच्या मध्ये लावायच्या थर्मल पेस्टची, सिरिंज उघडली नाहीत. आधी खोलीचं तापमान बघितलंत. हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. डिसेंबरात 22 अंशांच्या खोलीत 60 दाखवणारं मशीन मे महिन्यात 38 अंशांच्या खोलीत त्याच कामाला 75 च्या आसपास दाखवणार. तो बिघाड नव्हे, हे कुणी सांगत नाही.

मग धूळ. यार्डातली हळदीची भुकटी फॅनमधून जाते आणि खालच्या हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर नमदा होऊन बसते. फॅन वरून फिरताना दिसतो, वारा मात्र खाली पोचत नाही. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरायचा. मोकाट फिरला तर बेअरिंग जातं, शिवाय मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते.

एएम४ सॉकेटचा (एएमडीचे पिनांचे प्रोसेसर जिथे बसतात तो) कूलर सरळ वर ओढायचा नाही, हे तर लाखाचं. वाळलेली पेस्ट प्रोसेसरला धरून ठेवते आणि लिव्हर बंद असतानाही तो पिनांसकट उपटून येतो. दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट कोमट करायची, बंद करून वायर काढायची, कूलर किंचित डावीउजवीकडे फिरवायचा, मग उचलायचा. जुनी पेस्ट 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसायची. थिनर नको.

आणि पेस्ट किती? हरभऱ्याच्या डाळीएवढा एक ठिपका, मधोमध. नेहमीच्या प्रोसेसरला तेवढा पुरतो, कूलरचा दाब तो पसरवतो. लग्नातल्या हळदीसारखी फासली की थर जाड होतो आणि उष्णतेची वाट तिथेच अडते. तांब्याची उष्णतावहन क्षमता साधारण 400 वॅट प्रति मीटर केल्व्हिन, चांगल्या पेस्टची जेमतेम 8-10. पण फटीतल्या हवेची 0.03 सुद्धा नाही. म्हणून पेस्टने फक्त त्या फटी भरायच्या. कूलर टेकवून पुन्हा उचलला तर आत हवा राहते. पुसून नव्याने लावायची.

दाबाचंही तेच. चार स्क्रू असतील तर फुलीच्या क्रमाने, प्रत्येकी दोन-दोन वेढे. इंटेलच्या ढकलपिना असतील तर तिरक्या समोरासमोरची जोडी एकदम दाबायची, खट्ट आवाज ऐकायचा आणि बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का बघायचं. एक पिन जरी वर राहिली तरी महागातली पेस्ट कामाची नाही. नव्या कूलरखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायला विसरणारेही कमी नाहीत!

पेस्टऐवजी लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू, मागितल्यावर तुम्ही सरळ नाही म्हणालात, तेही बरं झालं. त्यातलं गॅलियम अॅल्युमिनियम पोखरतं आणि आमचे कूलर अॅल्युमिनियमचेच. वर ते वीजवाहक. एक थेंब ओघळला की बोर्ड गेला.

पुढचे दोन फॅन हवा आत घेतायत, मागचा एक बाहेर टाकतोय. समोरची जाळी दर पंधरवड्याला धुऊन, पूर्ण वाळवून बसवतो आहोत. कॅबिनेटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढलीत. उरलेली सिरिंज टोपण घट्ट लावून कपाटात ठेवली आहे.

गणपतीच्या आत एकदा चक्कर टाका. चहा-भडंग आमच्याकडे.

आपली,
आडतीवरची हिशेबाची मंडळी