साडेपाच परस

सेलू, ३ जून

प्रिय मीनल,

परवा फोनवर तू विचारलंस, "उन्हाळाभर तिथं करतेस तरी काय?" मी म्हणाले, "विहिरी मोजते." तेवढ्यात तुझी मीटिंग लागली आणि बोलणं तिथंच राहिलं. तेव्हापासून ते दोन शब्दांचं उत्तर मला खुपतंय. नांदेडच्या खोलीत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत आपण खडकांवर बोलत बसायचो. त्या तुला मी इतकं तोकडं उत्तर द्यावं, हे बरं नाही वाटलं. म्हणून आज लिहायला बसलेय. मावशीच्या माळवदावर आहे, कंदील नाही पण मोबाईलचा उजेड आहे आणि आत्ता कुठं वारा सुटलाय.

एप्रिलपासून दर सोमवारी पाच विहिरींची पाणीपातळी घेते. पाचही विहिरी सेलूहून वालूरच्या वाटेवर, एकाच नाल्याच्या काठानं आहेत. सरकारी निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात. चार आकड्यांवरून वर्षाचा चढउतार कळतो, पण मधल्या दिवसांत पाणी काय करतं ते कळत नाही. मला ते मधलंच हवं होतं. सरांना आधी पटलं नाही. "एवढ्याशा भागात आठवड्याला काय बदलणार?" म्हणाले. मग म्हणाले, "बघ करून." फेलोशिपचे पैसे चार महिन्यांपासून अडकलेत, त्यामुळं यंत्र वगैरे काही नाही. तीस मीटरची पोलादी टेप आहे, तिच्या टोकाला गवंड्याचा ओळंबा बांधलाय, आणि खडू. टेपच्या खालच्या हातभर भागाला खडू घासायचा, टेप सोडायची, ओळंबा पाण्याला टेकल्याचा आवाज आला की आणखी थोडी सोडायची आणि पूर्ण मीटरच्या खुणेवर धरायची. वर काढल्यावर खडू जिथवर भिजलाय तेवढं त्यातून वजा करायचं. एवढंच काम. पण हाताला त्याची अशी सवय लागलीय की आता आवाज यायच्या आधीच ओळंबा पाण्याजवळ आल्याचं कळतं.

पहाटे साडेपाचला निघते. उन्हाच्या भीतीनं नव्हे, लाइटमुळं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. मोटर चालू असताना मोजलं की आकडा विहिरीचा राहत नाही, मोटरचा होतो. हे मला दुसऱ्या सोमवारी कळलं. आणि त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट कळली, जी लिहिताना अजून वाईट वाटतं. तिसऱ्या विहिरीचा कठडा एका बाजूनं ढासळलाय. पहिल्यांदा मी उंच बाजूनं मोजलं होतं, दुसऱ्यांदा ढासळलेल्या बाजूनं. पाणी एका आठवड्यात चाळीस सेंटिमीटर वर आलं असं वहीत दिसायला लागलं! रात्रभर त्यावर तर्क लढवले, कालव्याचा पाझर काय, नाल्याचा काय. दुसऱ्या दिवशी परत गेले, कठडा पाहिला आणि ते दोन्ही आकडे खोडले. मग तांबडा तेलरंग घेतला आणि पाचही विहिरींवर एकेक ठिपका दिला. आता मोजायचं ते त्या ठिपक्यापासूनच.

पण तुला सांगायचंय ते चौथ्या विहिरीचं.

ती आबांची. आबा पंचाहत्तरीचे असतील. विहीर बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या वडलांनी खोदली, तेव्हा आबा विशीतले, टोपल्यातून मुरूम वर ओढत होते. पहिल्या सोमवारी मी टेप सोडत होते तर मागून आवाज आला, "काहून उन्हात हिंडायलीस, माय? काय मोजायलीस?" मी म्हटलं, खोली. तर म्हणाले, "त्यात काय मोजायचं? साडेपाच परस."

परस हा शब्द मी आजोबांच्या तोंडी ऐकला होता, पण कधी विचारलं नव्हतं. आबांना विचारलं. ते काही बोलले नाहीत. गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले आणि उजवा हात सरळ वर केला. "हे. पायापासून बोटापस्तर. एक परस." पुरुष या शब्दाचाच परस झालाय, हे माझ्या डोक्यात तेव्हा उजाडलं. मी टेप घेतली, त्यांच्या टाचेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजलं. दोन मीटर दहा सेंटिमीटर. साडेपाचानं गुणलं तर अकरा मीटर पंचावन्न. मग ओळंबा थेट तळाला टेकवला. अकरा मीटर तीस. आबांना सांगितलं, वीतभर फरक येतोय. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "गाळ हाय वीतभर. तीन वरसं झाली काढला न्हाई."

मीनल, मी तिथंच कठड्यावर बसले. आपण मोजमापाच्या चुकांचं एक अख्खं प्रकरण वाचलं होतं, आठवतं? इथं माणसाच्या अंगाचं माप आणि माझी पोलादी टेप यांत जो फरक आला, तो चुकीचा नव्हताच, गाळाचा होता. त्या दिवसापासून वहीत मी दोन रकाने केलेत. एकात मीटर, एकात परस. सरांना दाखवणार आहे.

विहिरीच्या भिंतीकडं बघत बसायचं वेडही इथंच लागलं. वरचा दीड मीटर काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग भोकाभोकांचा मऊ खडक, त्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या भरलेल्या. त्याखाली एकसंध काळा पाषाण, सुरुंगाची भोकं अजून दिसतात त्यावर. पुस्तकात लाव्हाचे थर वाचतो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. इथं सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचा सांधा बोटानं दाखवता येतो, आणि त्या सांध्यावरच बारीक ओल असते. आबा म्हणतात, "झरा तिथंच लागला, त्या दिवशी बापानं गूळ वाटला." या खडकात पाणी मावतं तरी किती? शंभर बादल्या खडक असेल तर त्यात दोनेक बादल्या. आपल्या मराठवाड्याची सगळी तहान या दोन बादल्यांवर आहे, असं मला हल्ली सारखं वाटतं.

मधल्या आठवड्यांत फार काही घडलं नाही. पाणी उतरत होतं, दर सोमवारी दहा-पंधरा सेंटिमीटर. एका रविवारी मावशीबरोबर कुरडयांचा चीक हाटला. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा तो आंबूस वास अजून हाताला आहे. एकदा वालूरच्या बारवेपर्यंत गेले. गोल फिरत उतरणाऱ्या त्या पायऱ्या गावकऱ्यांनी गाळ-कचरा उपसून मोकळ्या केल्यात. तिथं टेपची गरजच नाही, पाणी किती पायऱ्या खाली गेलं ते वरून मोजता येतं. ती बारव बांधणाऱ्यांना पाण्यापर्यंत माणूस चालत जावा असं वाटलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग १८ मे आला. सेलूच्या अक्षांशावर, म्हणजे साडेएकोणीस अंशांच्या किंचित खाली, त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. नेमका सोमवार. सकाळचं मोजमाप झालं तरी मी घरी गेले नाही. आबांच्या लिंबाखाली थांबले, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बारा वाजता विहिरीवर गेले. ऊन असं की कठड्याला हात लावता येईना, टॉवेल अंथरून पालथी झोपले आणि टेप सोडली.

आधी पाण्याच्या दक्षिणेच्या कडेला सावलीची कोर असायची, हे मी एप्रिलपासून बघत होते. दर आठवड्याला ती बारीक होत होती. पाण्यापर्यंत नऊ मीटर, म्हणजे सूर्य एक अंश सरकला तर सावली सोळाएक सेंटिमीटर सरकते. त्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी पूर्वेला... नाही, थांब, नीट सांगते. सकाळी सावली पूर्वेच्या भिंतीखाली असते, सूर्य वर येईल तशी ती भिंतीकडं सरकत जाते. ती आक्रसत गेली, बोटभर राहिली, आणि बारा वीसच्या सुमाराला कुठंच राहिली नाही. पाणी काठापासून काठापर्यंत उजळलं. तळाचा गाळ दिसला, त्यात पडलेली एक पितळी घागर दिसली, एक बेडूक दिसला. ओळंबा हलला की पाण्यावर वलयं उठायची आणि उजेडाच्या जाळ्या भिंतीवरून वर वर चढायच्या, पार त्या गारगोट्यांपर्यंत. आणि टेपला सावली नव्हती. एरवी ती पाण्यावर तिरपी पडते. त्या दोन मिनिटांत टेप सरळ सूर्यातूनच खाली सोडल्यासारखी लोंबत होती.

मी आबांना हाक मारली. ते आले, वाकून पाहिलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चोपन वरसं झाली. असा तळ कधी न्हाई बगितला. ती घागर आईची हाय."

घागर त्यांच्या मुलानं दुसऱ्या दिवशी गळ टाकून काढली. चेपलीय, पण आहे.

तुला पृथ्वीचा घेर मोजणारा तो ग्रीक एराटोस्थेनिस आठवत असेल. इजिप्तमधल्या सायनीच्या विहिरीत दुपारी सूर्य थेट तळाशी पोचतो आणि त्याच दिवशी अलेक्झांड्रियात सावली पडते, वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी. दोन गावांतलं अंतर त्यांच्या मापात पाच हजार स्टेडिया, म्हणून पृथ्वीचा घेर अडीच लाख. बावीसशे वर्षांपूर्वी. आपण ते परीक्षेत चार ओळींत लिहिलं होतं. विहिरीवर पालथं पडल्यावर मला पहिल्यांदा कळलं की एकट्या विहिरीवरून काहीच निघत नाही. दुसऱ्या गावात कुणीतरी सावली मोजणारं लागतं. त्या क्षणी तू पुण्यात होतीस. पुण्यावरून सूर्य चार-पाच दिवस आधीच उत्तरेला गेलेला, म्हणजे त्या दुपारी तुझ्या पायाशी बोटभर सावली असणार, आणि तीही दक्षिणेला पडलेली! ऑफिसच्या एसीत बसलेल्या तुला हे सांगायला कुणी नव्हतं. फोन काढला होता मी, पण विहिरीजवळ रेंज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. २५ मेला आबांच्या विहिरीचं पाणी वर आलं होतं. अकरा सेंटिमीटर. पाऊस नाही, वळीवही नाही. कठड्याचा धडा घेतलेला, म्हणून तांबडा ठिपका तपासला, तीनदा टेप सोडली. तोच आकडा. आबांची मोटर तर मेच्या सुरुवातीला भुईमूग काढल्यापासून बंदच आहे, म्हशींपुरतं पाणी ते पोहऱ्यानं काढतात. मग तोवर पाणी उतरत होतं ते कुणामुळं, आणि आता चढलं ते कशामुळं?

आबांनीच सांगितलं. "डीपी जळालाय बुधवारपासून. नाल्याकाठच्या समद्या मोटरी बंद हायत." डीपी म्हणजे शेतांना लाइट देणारा ट्रान्सफॉर्मर. म्हणजे पाच दिवस नाल्याकाठच्या एकाही विहिरीवर मोटर चालली नव्हती. मी उरलेल्या चार विहिरींकडं धावले. पाचही विहिरी चढल्या होत्या, कुठं सहा, कुठं चौदा. डीपी शुक्रवारी बसला. परवाच्या सोमवारी, १ जूनला, पाचही पुन्हा उतरल्या. आबांची धरून, ज्यांनी मोटर लावलीच नव्हती.

पाच सातबारे, पाच मोटरी, पाच भावक्या, आणि खाली पाणी एकच. हे पुस्तकात आहे गं, मला माहीत होतं. पण आलेख काढला आणि पाच रेघा एकाच दिवशी एकाच बाजूला वळलेल्या दिसल्या तेव्हा मला रडू आलं. आबांना तो कागद दाखवला. त्यांना रेघा वाचता येत नाहीत असं मला वाटलं होतं. त्यांनी आपली रेघ विचारली, तिच्यावर बोट ठेवलं, मग वरच्या शेजाऱ्याची विचारली. त्याच्याशी त्यांचं बांधावरून सात वर्षं बोलणं नाही. कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात घातला. "हा माह्यापाशी राहू दे," म्हणाले. काल मावशीकडं निरोप आला की सोमवारी येताना आणखी एक प्रत आण.

मीनल, तू संशोधन सोडलंस तेव्हा मी तुझ्यावर रागावले होते. घरचं कर्ज होतं, तुला दुसरा रस्ता नव्हता, हे मला कळत होतं आणि तरी रागावले. ते मनातून गेलंय. पण हे सगळं बघताना शेजारी तू हवी होतीस, हे मात्र जात नाही.

सूर्य परतीच्या वाटेवर २५ जुलैच्या आसपास पुन्हा सेलूवर येईल, पण तेव्हा ढग असणार. म्हणून दिवाळीनंतरची, आकाश मोकळं असलेली एखादी दुपार ठरवू. तू पुण्यात गच्चीवर मीटरभराची काठी उभी कर, मी इथं माळवदावर करते. ऐन माध्यान्हीला दोघींनी सावली मोजायची. अंतर एका अंशाचंच आहे, फरक अडीच-तीन सेंटिमीटरचा येईल, पण जपून केलं तर पकडता येईल. काठी ओळंब्यानं सरळ कर, डोळ्यानं नको.

त्याआधी मृगात चार दिवस येऊन जा. पहिल्या पावसानंतर पाणी किती दिवसांनी चढतं ते मला रोज मोजायचंय आणि दोन माणसं लागतील. मावशीनं तुझ्यासाठी कुरडया वेगळ्या काढून ठेवल्यात. येताना जाड खडूचा एक डबा आण, इथला खडू ओला झाला की लगेच विरघळतो.

तुझीच,
वैशू