सांदवाडीचा कोपरा अळ्यांना दे

गिरड, ता. समुद्रपूर
१२ मे

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. सांदवाडीत, घरामागच्या त्या मोकळ्या वाडीत, पाखरं यावीत म्हणून बाजरीचं पोतं आणायच्या बेतात आहेस, ते राहू दे गड्या. चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना पहिले दिवस अळ्या-किडेच भरवते. म्हणून आधी अळ्यांचं बघ.

गोडनिंब आणि लिंबू एकेक नको, तीन-तीन लाव. लिंबाळी फुलपाखरू त्यांच्या कोवळ्या पानांवर अंडी घालतं. लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी. पाच-सहा अळ्या एक रोपटं बोडकं करतात. बाकीच्यांवर भाजीपुरता पाला उरतो. फवारणीचा पंप नेमका तेव्हाच हाती येतो. तो खाली ठेव. धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, रुई उपटू नको, बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. कुंपणाला बोर चालेल. घाणेरीला फुलपाखरं येतात खरी, पण ती पसरते आणि बाकीचं सारं दाबते.

खड्डे आताच दीड फूट खोल-रुंद खणून ठेव, पहिला दमदार पाऊस झाला की लावणी कर. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून रोप खोलगट जागी नको, खड्डा भरून वर वीतभर उंचवटा कर आणि त्यावर बसव. आणि भोवती बोराटी, बोरीच्या काटेरी फांद्या, लाव, नाहीतर सारं शेळ्यांसाठीच केलंस.

पाण्याला मात्र उद्याच लाग. मातीचं पसरट परळ, दोन इंच पाणी, मध्ये एक खडबडीत दगड, ठेवायचं सावलीत. झुडपाला अगदी खेटून नको, मांजर दबा धरते. रोज पाणी ओत आणि कडा काथ्यानं घास: काही डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत. पाण्याची मोठी नांद असेल तर तिच्यात एक खडबडीत फळी तिरपी टाक, खार पडली तर चढून येईल.

तळं करायचंच असेल तर सिमेंटचं नको. आपली माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, सिमेंटला चिरा पडतात. सहा बाय चार फुटांचा, मध्ये दीड फूट खोल खड्डा. एक बाजू उतरती, बेडकांना बाहेर यायला. तळाला दोन इंच रेती, वर जुनी पोती, त्यावर जाड ताडपत्री. ताडपत्रीचं माप: लांबीत खोली दोनदा मिळव, वर कडेला दोन्हीकडे फूट-फूट. म्हणजे अकरा बाय नऊ. मासे सोडू नको, बेडकांची अंडी आणि बेडूकमासे खातात. सुरुवातीला डासांच्या अळ्या दिसतील, त्या गाळणीनं काढ. पुढे चतुरांची पिल्लं ते काम करतात. नातवंडं येतात तुझ्याकडे, तेव्हा बांबूचं कुंपण आधी, पाणी नंतर.

कवेलूचं छप्पर जाऊन स्लॅब आला, त्याबरोबर चिमण्यांच्या फटी गेल्या. फळीची पेटी कर: आत १५ सेंमी चौरस, भोक ३२ मिमीचं, तळाला चार बारीक छिद्रं. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला दहा फुटांवर टांग. टिनाची नको, पिल्लं भाजतात. भोकाखाली दांडी लावू नको. चिमणीला ती लागत नाही, शिकाऱ्याला मात्र पाय ठेवायला जागा होते.

वहिनींना सापाची भीती वाटणार, आणि ती खोटी नाही. पाला, लाकडं, दगडांचे ढीग घरापासून तीस फूट लांब, मागच्या कोपऱ्यात. दारापुढचं दहा फूट मोकळं, झाडलेलं. उंदरांमागे साप येतो, म्हणून धान्य सांडलेलं राहू देऊ नको. उंदरांचं विषही ठेवू नको, विष खाल्लेला उंदीर पिंगळा खातो आणि तोही मरू शकतो. कुंपणाला नायलॉनची जाळी लावू नको, धामण तिच्यात अडकून मरते.

ताडपत्री जाडच घे, पातळ एका पावसाळ्यात फाटते. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक