हात मागे बांधून उभ्या राहिलेल्या भावाला

प्रिय भाऊ,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडायचं नाही. पण हे तुझ्यापर्यंत पोचलं तर सावद्याच्या केळी ग्रुपवरची, म्हणजे केळी खरेदीच्या ऑफिसातली, मावशी लिहितेय हे तू लगेच ओळखशील. नवा प्रिंटर बसवायला आला होतास. तासाभराचं काम होतं. दोन वर्षं होतील आता, पण तो दिवस आठवला की अजून घशात दाटून येतं.

त्या दिवशी सकाळपासून गाड्या भरत होत्या. काटा पावत्यांचा, म्हणजे वजनाच्या पावत्यांचा, गठ्ठा माझ्यापुढे. दोनशेच्या वर शेतकरी, प्रत्येकाचं नाव, गाव, गाडी नंबर, क्विंटल, भाव. मालकांनी नावं क्रमाने लावायला सांगितली. मी एक्सेलमध्ये नावांचा तेवढा एक कॉलम धरला आणि क्रम लावला. नावं हलली, क्विंटल जागेवरच राहिले. चिनावलच्या माणसाच्या चाळीस क्विंटलापुढे खिरोद्याचं नाव. पाणी देऊन देऊन, वादळवाऱ्यात जीव मुठीत धरून सांभाळलेल्या बागेचा पैसा दुसऱ्याच्याच नावावर. मला दरदरून घाम फुटला. घाबरून मी फाईल बंद करायला निघाले होते.

तू प्रिंटरची वायर हातातून खाली ठेवलीस आणि म्हणालास, "मावशी, बंद नका करू. बंद केली तर चूक मागे घेता नाही येणार." मग माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिलास. मी माऊस तुझ्याकडे सरकवला. तू तो घेतला नाहीस. दोन्ही हात पाठीमागे बांधलेस आणि म्हणालास, "तुम्हीच करा. घाबरू नका, मी आठेच शे."

'मी इथेच आहे' हे अहिराणीत ऐकून मला कळलं, तू अमळनेर-धुळ्याकडचा. आमच्या घरी लेवा बोली. पण त्या क्षणी ते तीन शब्द मला माहेरचे वाटले.

"डावा हात. खाली कोपऱ्यात कंट्रोल. ते धरून ठेवा. आता झेड. एकदाच." मी दाबलं. सगळी नावं एका झटक्यात आपापल्या क्विंटलापुढे जाऊन बसली. मी रडले. तू तरीही हात मागेच ठेवलेस, पाणी मात्र पोऱ्याला आणायला सांगितलंस.

भाऊ, तुला ठाऊक नाही, त्याआधी सात वर्षं माझ्या हातातून माऊस काढून घेतला जात होता. यजमान गेले तेव्हा मी बेचाळिशीची. तालुक्याच्या गावी तीन महिने क्लास केला, फी भरली, सर्टिफिकेट घरी भिंतीवर आहे. तिथले सर भराभर क्लिक करून दाखवायचे आणि "समजलं ना" म्हणून पुढच्या टेबलावर जायचे. ज्या बटणांवर माझा सगळा दिवस चालतो, त्यांतलं एकही तिथे मला कुणी सांगितलं नाही. इथे आले तर आधीचा ऑपरेटर. काही अडलं की "उठा, मी करून देतो". दोन मिनिटांत काम व्हायचं, पण त्याने काय केलं ते मला कधी दिसायचंच नाही. आणि उठताना वर ऐकायचं, "तुमच्याने नाही व्हायचं हे." माझा सख्खा पुतण्यासुद्धा तसाच. शिकवायला वेळ लागतो म्हणून लोक करून देतात आणि त्याला मदत म्हणतात. समोरच्या बाईला आयुष्यभर उठून उभं राहावं लागतं, हे त्यांच्या मनातही येत नाही. मला त्यांचा राग आहे, आणि तो मी इथे लपवणार नाही.

तू त्या दिवशी चहा घेताना मला लॅरी टेस्लर नावाच्या माणसाची गोष्ट सांगितलीस. १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्याने सहकाऱ्यांबरोबर हे कट, कॉपी, पेस्ट घडवलं. पुढे ॲपलच्या १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरसाठी चूक मागे घ्यायला आणि कट, कॉपी, पेस्टला झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं त्याने ठरवली. खालच्या ओळीत शेजारी शेजारी, डाव्या हाताला सापडतील अशी. कॉम्प्युटर साध्या माणसालाही सहज वापरता यावा, हाच त्याचा ध्यास होता म्हणे. २०२० मध्ये तो गेला. इतक्या लांबच्या माणसाने माझ्यासारखीचा विचार केला, आणि जवळच्यांना तो करता आला नाही. त्या रात्री हेच मनात घोळत होतं.

जाताना तू एका रद्द काटा पावतीच्या पाठीवर निळ्या पेनने पाच ओळी लिहिल्यास. मराठीत, मोठ्या अक्षरात. आजची तारीख: कंट्रोल आणि अर्धविराम. वरचंच खाली: कंट्रोल डी. चूक सुधारायची: एफ टू. दुसऱ्या खिडकीत जायचं: आल्ट टॅब. आणि शेवटी, दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस, त्याखाली दोन रेघा. ती पावती मी सेलोटेपने मॉनिटरच्या खाली चिकटवली. कडा पिवळ्या पडल्यात, अक्षरं फिकी झालीत, आता ती बघावीही लागत नाही. पण काढवत नाही.

आधी एक पावती चढवायची म्हणजे प्रत्येक चौकोनात माऊस नेऊन क्लिक करायचं. संध्याकाळपर्यंत मनगट सुजायचं, रात्री पोळी लाटताना कळ यायची. आता डावा हात पावतीवर, उजवा आकड्यांवर. टॅब, टॅब, टॅब, एंटर, की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला हजर. गाडी नंबर तोच असेल तर कंट्रोल डी. रात्री साडेआठला सुटायचे, ती आता सहाची एसटी धरते. सासूबाई ओट्यावर वाट बघत बसलेल्या असायच्या, हल्ली त्यांच्यासोबत मी चहा घेते. वेग वेग म्हणतात ना, माझ्यासाठी वेग म्हणजे हा ओट्यावरचा चहा.

तू बिल प्रिंटरचंच लावलंस. तुझ्या अंगात जी सभ्यता आहे ती पैशाने येत नाही, शिक्षणानेही येतेच असं नाही. येत असलेली गोष्ट दुसऱ्याला येईपर्यंत थांबायला काळीज लागतं. अशी माणसं आपल्या खानदेशात आहेत. विहिरीवर मोटर दुरुस्त करताना शेतकऱ्याच्या पोराला शेजारी बसवून स्टार्टर समजावून सांगणारा वायरमन मी पाहिलाय. त्यांचे कोणी सत्कार करत नाही. माझ्याकडून हा एवढा कागद.

गेल्या महिन्यात ऑफिसात नवी मुलगी लागली, बारावी झालेली, भित्री. परवा तिने अख्खी यादी निवडून चुकून डिलीट केली. माझा हात माऊसकडे गेला होता. मग मी दोन्ही हात पदराखाली मागे घेतले आणि तिला म्हटलं, "डावा हात. कंट्रोल धर."

थंडीत ये. बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून भरीत करते, सोबत कळण्याची भाकरी आणि लोणी. सासूबाईंनाही तुला बघायचंय. येताना आईला घेऊन ये, तिलाही एकदा भेटायचं आहे मला.

तुझी,
सावद्याची मावशी